जावयाला उठवणारे सर

आमच्या रसायनशास्त्र विभागात सगळ्या कपाटांना कुलपं होती, एक सोडून. त्या एका, सरांच्या कपाटालाही विभागप्रमुख म्हणून मी कुलूप दिलं होतं. सरांनी ते घेतलं, दोन्ही बाजूंनी उलटंपालटं करून पाहिलं आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. कपाट उघडंच राहिलं.

सर मूळचे शनिशिंगणापूरचे. त्यांच्या लहानपणी तिथल्या घरांना चौकट असे, दार नसे. नोकरीसाठी ते नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला येऊन राहिले. तिथल्या घराला दार होतं, पण त्यांनी कडी काढून टाकली होती. मी एकदा विचारलं, "सर, तुमची शनिदेवावर एवढी श्रद्धा आहे का?"

"देवाचं मला काय म्हाईत न्हाई, हेडसाहेब," ते म्हणाले. "पन कडी लावायला बोटंच वळत न्हाईत. लहानपनी शिकलो न्हाई ना."

"आणि प्रयोगशाळेत चोर शिरला तर?"

"शिरू द्या की. हितं काय हाय न्यायला? वाचत बसला तर शिकून जाईल."

मी नगर शहरातला. खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजल्याशिवाय मला चालता येत नसे. सर मला कधी नावानं हाक मारत नसत, 'हेडसाहेब' म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, "कामाचं लिहा. नाव घालून मला भिंतीला टांगू नका." पण लिहिणं भाग आहे. कॉलेजच्या दफ्तरात सरांच्या संशोधनावर एक शेरा आहे. तो माझ्या हातचा आहे आणि चुकीचा आहे. तो दुरुस्त करणारं पत्र मी कॉलेजला दिलंय. पण शेरा कागदावर होता त्याहून जास्त लोकांच्या तोंडी होता, म्हणून हेही लिहितो.

सरांचं वर्गातलं शिकवणं ऐकायला वाणिज्य शाखेची मुलं येऊन मागं उभी राहत. समीकरणं शुद्ध इंग्रजीत, बाकी सगळं गावच्या बोलीत. कार्बन डायऑक्साइडचा धडा आला की फळ्यावर सूत्र लिहून ते खडू खाली ठेवायचे.

"ह्याला वळखलं का? हा जावई हाय. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलाय, पुरनपोळी हानलीय आन् ओसरीवर आडवा झालाय. कोळसा जळताना जेवढी ऊर्जा द्यायची तेवढी ह्यानं दिली. आता ह्याला काय बी नको. ह्याला उठवून कामाला लावायचा तर कसा लावायचा?"

मागून कुणीतरी म्हणे, "बायकोला सांगायचं, सर."

"बराबर. सासऱ्यानं ओसरीवरनं कितीबी हाका मारल्या तरी जावई उठत न्हाई. बायकोनं खांद्याला हात लावला की उठतो. वीज म्हंजे सासऱ्याची हाक. आन् उत्प्रेरक म्हंजे तो हात. हाक बी पायजे आन् हात बी पायजे."

हा हात कशाचा करायचा, हाच सरांचा ध्यास होता. तांब्याचा करता येतो, हे जगाला ठाऊक होतं. पण तांब्याचा नुसता पत्रा घेतला तर फक्त वरचा थर कामाला येतो. सर म्हणायचे, "आतलं तांबं फुकट बसून खातं. म्हनून एवढं बारीक करायचं, की आत बसायला जागाच राहू नये. सगळे ओसरीवर." असे डोळ्यांना न दिसणारे तांब्याचे कण ते तयार करत. त्यातही एक अडचण होती. एकटं तांबं जावयाला उठवतं, पण एकाच वेळी दहा कामं सांगतं. चार प्रकारचे वायू, दोन प्रकारचे अल्कोहोल, सगळी खिचडी होते. शेजारी दुसरा धातू मिसळला, म्हणजे त्या कणांचा मिश्रधातू केला, तर एकच काम सांगितलं जाईल, अशी सरांची आशा होती.

ते एक काम कोणतं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. फॉर्मिक आम्ल. मुंगी चावल्यावर ज्यानं आग होते ते. हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद करून मुरवतात, त्या मुरघासात हे आम्ल थोडं घातलं तर चारा नासत नाही. आमच्या भागात साखर कारखाना, त्याला लागून डिस्टिलरी, आणि घरोघरी दुभती जनावरं. डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा टाक्यांमधून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर पडतो आणि उडून जातो. दुपारचं ऊन तर आमच्याकडे कुणालाच नको असतं. टाकीवरचा वायू आणि उन्हाची वीज घेऊन म्हशीचा चारा टिकवायचा, असं ते सगळं गणित होतं.

त्यासाठी ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायचे. त्यांच्याकडे एकही जनावर नव्हतं. एकदा मीही बरोबर होतो. सर एका म्हशीच्या तोंडाशी नाक नेऊन उभे राहिले.

व्यापारी म्हणाला, "मास्तर, म्हस घ्यायची हाय का?"

"न्हाई."

"मग तिचा मुका कशाला घेताय?"

"मुरघास खाल्लाय का बगतोय. आंबलेला वास येतोय. तुमचा चारा बिघडलाय."

"कारखान्याच्या धुरानं नीट व्हनार हाय म्हनं आमचा चारा. तुमीच सांगत फिरताय."

"धूर न्हाई वं, फसफस. टाकीतली फसफस."

पण बाजारात त्यांचं नाव पडलं ते पडलंच. धूरवाले मास्तर.

ही फसफस ते आणत कशी, तर ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये. टाकीवरच्या कामगारानं ट्यूब भरून दिली की ती हारासारखी गळ्यात घालून सर सायकलवरून कॉलेजला यायचे. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन नवा होता तेव्हा त्यानं अडवलं.

"मास्तर, काय घेऊन चाल्लात?"

"तुमची हवा."

"गेटपास?"

"वर सोडताय रोज, तिला गेटपास देता का?"

वॉचमननं विचार केला आणि दांडा वर उचलला. पुढं तोच ट्यूबचं तोंड घट्ट आहे का ते बघून द्यायला लागला.

मिश्रधातूसाठी सरांनी चांदी निवडली. शुद्ध चांदीचं रसायन मागवायचं तर मंजुरी, निविदा, मग पुण्याहून माल. सरांना एवढा धीर नव्हता. घरात त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, पैंजण होते. लग्नातले. एका दुपारी ते नायट्रिक आम्लात विरघळले. त्यातून चांदीचं रसायन तयार झालं आणि गडद तपकिरी बाटलीत गेलं. मी घरी गेलो तेव्हा वहिनी भाजी निवडत होत्या.

"भाऊजी, माझ्या पोरी सासरी नांदत्यात, पन ह्यांचा जावई न्यारा," त्या म्हणाल्या. "वायूचा. माझे पैंजण त्याच्या पायात गेले."

"पायात न्हाई," आतून सर म्हणाले, "हातात. पोरीच्या हातात घातलेत."

"माझ्या हातात काय घातलं ते बी सांगा."



आता एका तपेल्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्याशीच अडलं. ज्या द्रावणात वीज सोडायची ते करण्यासाठी खाण्याच्या सोड्याच्या जातीचा एक क्षार पाण्यात घालून, पाणी उकळून त्यातली हवा काढावी लागते. विभागातला मोठा काचेचा बीकर फुटला होता. नवा मागवायचं मी आज-उद्या करत होतो. सर एक दिवस घरून तांब्याचं कल्हई केलेलं तपेलं घेऊन आले. त्यांच्या आईचं. आमटीचं. कल्हई उडाली की ते घोडेगावच्या बाजारातून पुन्हा करून आणत आणि त्यातच द्रावण उकळत.

मला ते अजिबात आवडत नसे. "सर, हा विभाग आहे की लग्नाचा आचारी बसलाय?"

"पानी उकळतंय ना? त्याला काय म्हाईत कशात उकळतंय."

पाण्याला माहीत होतं. ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आणि मग सरांचा प्रयोग जमला. फॉर्मिक आम्ल तयार झालं की नाही हे बघायची एक जुनी, सोपी कसोटी आहे. स्वच्छ परीक्षानळीत चांदीचं द्रावण घ्यायचं, त्यात अमोनिया आणि तपासायचं पाणी घालायचं आणि नळी कोमट पाण्यात धरायची. आम्ल असेल तर चांदी सुटून काचेला आतून चिकटते आणि नळीचा आरसा होतो. सरांच्या नळीचा आरसा झाला. पुन्हा केला, पुन्हा झाला. त्यांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्या नळीत आपापलं तोंड बघायला लावलं. मला बोलावलं तेव्हा म्हणाले, "बगा हेडसाहेब, डिस्टिलरीच्या फसफशीत तुमचं थोबाड कसं दिसतंय."

मला बरं वाटलं होतं. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

सरांनी एका परिषदेत हे मांडलं. तिथं एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञानं रास्त प्रश्न विचारला. तांबं आणि चांदी मिळून सहसा फॉर्मिक आम्ल देत नाहीत, मग तुमच्याकडे ते आलं कुठून?  "आलंय एवढं खरं. का आलं ते शोधतोय," असं सर म्हणाले. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार होती. प्राचार्य घाबरले. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही स्वतः, सरांना बाजूला ठेवून, हा प्रयोग करून बघा.

मी केला. सगळं नवं कोरं घेतलं. जो बीकर सरांना मिळत नव्हता तो मला लगेच मिळाला. पाणी पुण्याहून बंद कॅनमधून आलं. सरांचेच कण, सरांचीच पद्धत. बुडबुडे आले ते जवळजवळ सगळे हायड्रोजनचे. नळी कोमट पाण्यात धरून मी वाट पाहिली. नळी स्वच्छ राहिली. पुन्हा केलं, तेच.

प्रयोग करताना सरांचं उघडं कपाट माझ्या पाठीशी होतं. त्यात ते तपेलं होतं. एकदा माझी नजर त्याच्यावर गेली आणि मी कपाटाचं दार लोटून घेतलं. समितीसाठी करायच्या तपासणीत आमटीचं तपेलं वापरायची मला लाज वाटली. एवढंच कारण होतं.

दुसऱ्या दिवशी सर सायकल स्टँडवर माझी वाट बघत उभे होते. आरसा झाला नाही हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"हेडसाहेब, एकच इचारतो. पानी माझ्या तपेल्यातलंच घेतलं व्हतं ना?"

"हो," मी म्हणालो.

नाही म्हणालो असतो तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं, त्या तपेल्यासकट. पाण्यानं काय फरक पडतो, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. म्हणून 'हो' म्हणायला जड गेलं नाही.

सरांची एक सवय सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ होती. कुणी 'मला वाटतं' असं बोललं की ते तळहात पुढं करायचे. "मत नको. रीडिंग द्या." माझं 'हो' त्यांनी तळहातावर घेतल्यासारखं घेतलं. मान हलवली. म्हणाले, "मग पानी सुटलं. चुकी दुसरीकडं हाय."

त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही. कपाटाला कुलूप न लावणारा माणूस तो.

अहवालात प्रयोग जमला नाही, एवढंच लिहून मला थांबता आलं असतं. मी एक वाक्य आणखी लिहिलं. संबंधित कपाट कायम उघडे असल्याने द्रावणात बाहेरून आम्ल मिसळले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या वाक्यात मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी घेतलं. सरांचा प्रकल्प थांबला. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणे, "सरांच्या चहात साखर आपोआप तयार होते." सरही हसत. लोक त्यांना सांगत, आता तरी कुलूप लावा. त्यांनी लावलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा विभागातर्फे भेट काय द्यायची हे मी ठरवलं. मोठा काचेचा बीकर दिला. मला ती कल्पना चांगली वाटली होती. तपेलं वहिनी घरी घेऊन गेल्या.

बेलापूरच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी स्वतःच्या खर्चानं प्रयोग चालू ठेवला. आता द्रावण माझ्या बीकरमध्ये उकळत होतं. आरसा परत कधी झाला नाही. त्यांनी चांदी कमी केली, वाढवली, कणांचा आकार बदलला, वीज बदलली. पाण्याकडे ते वळले नाहीत. ते तपासून झालं होतं. आम्ही एका लग्नात भेटलो तेव्हा पंगतीत माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, "तुमचं खरं निघालं, हेडसाहेब. कुनीतरी टाकलंच आसंल त्यात. पोरांपैकी कुनीतरी. मला खूश करायला." आणि वाढप्याला म्हणाले, "ह्यांना जिलबी वाढा."

ती जिलबी मी खाल्ली.

सुजाता ही सरांची विद्यार्थिनी. नळीतल्या आरशात तोंड बघणाऱ्या मुलींपैकी एक. आता ती पुण्यात ह्याच विषयावर संशोधन करते. गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली. बसल्या बसल्या सरळ मुद्द्यावर आली.

"सर, तांब्याच्या कणांवर कथील बसवलं की मला फॉर्मिक आम्ल मिळतंय. नुसतं तेच, बाकी खिचडी नाही. जगात बऱ्याच ठिकाणी मिळतंय. मला एकदम सरांचा आरसा आठवला. मी बेलापूरला गेले. विचारलं, तुमच्या प्रयोगात कुठून तरी कथील येत होतं का? ते म्हणाले नाही. पाणीसुद्धा हेडसाहेबांनी तपासलंय. पण तुमच्याकडून एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं. ते तपेलं कल्हईचं होतं ना?"

"हो."

"कल्हई म्हणजे कथीलच."

ते मला सांगायची गरज नव्हती. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेलाय. क्षाराचं गरम पाणी कल्हईतलं कणभर कथील सोडवत होतं, वीज सुरू झाली की तेच कथील जाऊन तांब्याच्या कणांवर बसत होतं. सरांनी मिश्रधातू चांदीचा केला होता, काम कथील करत होतं.

"आणि तुम्ही त्याच पाण्यानं प्रयोग केला होता?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी ते तपेलं घेतलंच नव्हतं. त्यांना खोटं सांगितलं."

तिनं पर्स खांद्याला लावली. मग मी म्हणालो, "तू सरांना सांगशील का?"

"मी नाही सांगणार," ती उठत म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

बेलापूरला गेलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नसलेल्या दारावर वाजवायचं काय, हे मला कधीच जमलं नाही. आतून वहिनी म्हणाल्या, "कोन हाय? या की." त्या ताक वाढत होत्या. माझ्या बीकरमधून.

"भाऊजी, तुमचं हे भांडं लई कामाचं. ह्यांचं काम झालं की मी घेते. वर खुना हायत, कुनाला किती दिलं ते कळतं."

सर खाटेवर बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं. पाणी, तपेलं, कपाटाचं लोटलेलं दार, 'हो', आणि सुजाता काय म्हणाली ते.  सर उठले आणि मागच्या अंगणात गेले. मला वाटलं ते परत येणार नाहीत. आले ते हातात तपेलं घेऊन. त्यात आता अंघोळीचं पाणी तापवत असत. आतली कल्हई पार उडाली होती, लाल तांबं दिसत होतं.

"अहवालात लिवलं त्याचं मला काय न्हाई," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण 'हेडसाहेब' म्हणाले नाहीत. "लोकं आळ घेत्यात. पन तुमी मला खोटं रीडिंग दिलंत. त्याच्यावर पाय ठिवून मी उभा राह्यलो. माझ्या पोरांवर संशय घेतला मी."

"माझी चूक झाली. मला माफ करा, सर."

त्यांनी तळहात पुढं केला.

"माफी म्हंजे मत झालं. ह्याला कल्हई करून, ह्यातलं पानी घेऊन तुमच्या हातानं करा. मग बोलू."

"आधी दोघं बी ताक प्या," वहिनी म्हणाल्या, "मग काय भांडायचं ते भांडा."

बाजाराच्या दिवशी आम्ही घोडेगावला गेलो. कल्हईवाला आता एकच उरलाय. तोही म्हणाला, "मास्तर, आता स्टीलला कोन कल्हई करतं? तुमच्यासारखे एकदोन येत्यात." भाता मारायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी जमिनीवर बसून भाता मारला. नवसागराचा धूर नाकात गेला, तपेल्यात पांढरी लकाकी फिरली. बाजूनं म्हशी चालल्या होत्या. त्या जुन्या व्यापाऱ्यानं सरांना ओळखलं.

"धूरवाले मास्तर, झाला का आमचा चारा नीट?"

"व्हतोय," सर म्हणाले. "ह्यांनी जरा उशीर केला."

"हे कोन?"

"हे आमचे हेडसाहेब. भाता चालवत्यात."

इतक्या दिवसांनी तो शब्द ऐकून माझा हात थांबला. "हात चालू ठिवा," सर म्हणाले, "निवंल ते."

विभागात आता माझाच एक विद्यार्थी प्रमुख आहे. त्यानं प्रयोगशाळा उघडून दिली. सुजाता पुण्याहून वीज मोजून सोडायचं तिचं छोटं यंत्र घेऊन आली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या पैंजनांचं काय ते मला बी बगायचंय," म्हणून त्याही आल्या. पैंजणांपासून केलेल्या चांदीची ती तपकिरी बाटली सरांनी एवढी वर्षं अंधारात जपून ठेवली होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. ट्यूब मात्र ह्या वेळी सुजातानं गळ्यात घालून आणली, आणि गेटवरच्या त्याच वॉचमननं, जो आता म्हातारा झालाय, तिला विचारलं म्हणे, "धूरवाल्या मास्तरांची कोन तू?"

सरांनी एक अट घातली. दोन्ही करायचं. काचेच्या बीकरातलं द्रावण एकीकडे, तपेल्यातलं दुसरीकडे. "एकाच बाजूचं ऐकून निकाल द्यायचा न्हाई," एवढं बोलून ते स्टुलावर हाताची घडी घालून बसले आणि कशालाही शिवले नाहीत.  सुजाता मदतीला पुढं आली तर सर म्हणाले, "त्यांना करू दे."

मी केलं. वीज सोडली, थांबलो, दोन नळ्या भरल्या, त्या तपकिरी बाटलीतली चांदी आणि अमोनिया घातला आणि दोन्ही कोमट पाण्यात धरल्या. एक नळी स्वच्छ राहिली, पूर्वीसारखीच. दुसरी आधी करडी झाली. मग काळपट. मग तळापासून वर चढत गेली चांदी, आणि नळीत खिडकी दिसायला लागली, खिडकीतला लिंब दिसायला लागला, आणि नळी जरा फिरवली तर माझा चेहरा.

त्या द्रावणाचा नमुना सुजातानं पुण्याला नेऊन तिथल्या मोठ्या यंत्रावर तपासला. यंत्र तेच म्हणालं. डिस्टिलरीच्या व्यवस्थापकांनी टाकीवरून एक नळी तिला जोडून द्यायचं कबूल केलंय आणि पंपघराच्या छतावरचं ऊनही. आधी एका गोठ्यापुरता मुरघास करून बघायचा असं ठरलंय. तिच्या लेखात सरांचं नाव पहिलं असेल. सरांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी मी नळी सरांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली.

"आता बोला," ते म्हणाले.

माझ्याकडे बोलण्यासारखं एकच होतं. "तेव्हा पाणी तपासलं नव्हतं."

"व्हय," सर म्हणाले. "आता तपासलं."

मग ते लगेच सुजाताकडे वळले, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. "आता कनांतली चांदी काढून बगू. नुसतं तांबं आन् कथील. चांदीचं काय काम दिसत न्हाई मला ह्यात."

"नाहीच आहे, सर," सुजाता म्हणाली.

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हंजे माझे पैंजण उगंच गेले व्हय?"

  सरांनी ती नळी दोन बोटांत धरून वहिनींच्या चेहऱ्यासमोर नेली आणि हलू नये म्हणून दुसरा हात खाली लावला.

वहिनींनी वाकून पाहिलं. कपाळावर आलेली पांढरी बट कानामागं सारली, पुन्हा पाहिलं.

"लई बारीक हाय आरसा," त्या म्हणाल्या. "पन दिसतंय."